‘इमेज’ नावाची कविता

चार वर्षांपूर्वी आम्ही तिघी मैत्रिणींनी एक छोटा ऑनलाइन दिवाळी अंक काढला होता. तो एकच वर्ष निघाला. लेख मागवणं, मुद्रितशोधन, चित्रकाराच्या मागे लागणं ही कामं दोघींनी वाटून घेतली होती. वेबसाइट माझ्याकडे होती, कारण माझं पोट त्याच कामावर चालतं. अंक वसुबारसेला आला आणि मी सगळ्यात आधी मिरजेला आत्याला लिंक पाठवली.

आत्या एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाली. काही वर्षांपूर्वी तिला डोळ्याच्या पडद्याचा आजार सुरू झाला. समोरच्या गोष्टीचा मधला भाग धूसर दिसतो, कडा दिसतात. दारात आलेला माणूस ती चालीवरून ओळखते, चेहऱ्यावरून नाही. फोनवर अक्षरं खूप मोठी करून ती थोडा वेळ वाचते आणि थकली की फोनलाच वाचायला लावते. अँड्रॉइडमध्ये ‘टॉकबॅक’ नावाची सोय असते. पडद्यावर जे असेल ते ती बोलून दाखवते. तिच्यामुळे आत्याची पुस्तकं सुटली तरी वाचन सुटलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

“अगं, अंक मिळाला. संपादकीय ऐकलं, बरं लिहिलंय. पण कवितांच्या पानावर सात कविता आहेत ना?”

“हो, सात.”

“मग सहा जणींचं नाव ‘इमेज’ कसं काय? आणि सातवीचं नाव ‘कविता फायनल टू डॉट जेपीजी’. नवकाव्य आहे का हे?”

ती चेष्टा करत होती. मीही हसले. पण काय झालंय ते मला तेव्हाच कळलं. कविता मी मजकूर म्हणून टाकल्याच नव्हत्या. प्रत्येक कवितेचं सुंदर चित्र केलं होतं, मागे फिकट जलरंग, वर करड्या रंगात बारीक अक्षरं. ज्याला दिसतं त्याच्यासाठी ती कविता होती. आत्याच्या फोनसाठी ती एक फाइल होती.

मग मी तिला सातही कविता फोनवर वाचून दाखवल्या. तिने शांतपणे ऐकल्या आणि शेवटी म्हणाली, “छान. पण असं दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं म्हणजे अवघड असतं बाई. मधली एखादी नाही आवडली तर सोडून पुढे जाता येत नाही.”

हे वाक्य माझ्या मनात राहिलं. आज मराठी साहित्य फोनवर ज्या रूपात येतं, त्याची समीक्षा मला या वाक्यापासून करावीशी वाटते. मराठीत कवितेचं परीक्षण होतं, कथेचं होतं, हल्ली मुखपृष्ठाचंही होतं. पण ज्या पानावर आपण हे सगळं वाचतो, त्या पानाचं परीक्षण कोणी करत नाही. ते ‘टेक्निकल’ म्हणून सोडून दिलं जातं. माझं म्हणणं असं की पान कसं वाकतं, कोणासमोर वाकतं आणि कोणासमोर वाकायला नकार देतं, हा संपादनाचा प्रश्न आहे. म्हणून तो साहित्याचाही आहे.

*

आधी थोडं मागे जाऊ. २००० साली जॉन ऑलसॉप या ऑस्ट्रेलियन लेखकाने ‘अ लिस्ट अपार्ट’ या वेब-मासिकात ‘अ डाओ ऑफ वेब डिझाइन’ नावाचा निबंध लिहिला. आमच्या धंद्यात तो जुन्या पोथीसारखा मानला जातो. त्याचं सांगणं थोडक्यात असं : वेबवर काम करणारे लोक छापील पानातून आले आहेत. छापील पानावर अक्षर किती मोठं, समास किती, रंग कोणता, सगळं छापणाऱ्याच्या हातात असतं. तसा ताबा वेबवर मिळत नाही म्हणून ते कुरकुरतात. पण तो ताबा हा कागदाचा गुण नव्हताच, ती कागदाची मर्यादा होती. वेबचं पान वाचणाऱ्याप्रमाणे बदलू शकतं, आणि तीच त्याची ताकद आहे. अक्षराचा आकार ठरवण्याचा हक्क वाचणाऱ्याकडे राहू द्या, असं त्याने तेव्हाच सुचवलं होतं.

या निबंधाला दिलेला ताओचा मुलामा मला आज जरा जड वाटतो. चिनी तत्त्वज्ञान न आणताही हे सांगता आलं असतं. पण मुद्दा पक्का आहे, आणि तो न ऐकल्याची शिक्षा पुढे फोनला भोगावी लागली. २००७ साली आयफोन आला तेव्हा जगभरच्या वेबसाइट ठरावीक रुंदीच्या होत्या, मोठ्या मॉनिटरसाठी शिवलेल्या. त्या फोनवर दिसाव्यात म्हणून फोनच्या ब्राउझरला खोटं बोलावं लागलं. ‘मी ९८० पिक्सेल रुंद आहे,’ असं तो प्रत्येक वेबसाइटला सांगायचा आणि मग आलेलं पान आकसून छोट्या पडद्यावर बसवायचा. मुंगीएवढी अक्षरं, दोन बोटांनी ताणायची, ओळ वाचताना पान उजवीकडे ढकलायचं, पुढच्या ओळीसाठी पुन्हा डावीकडे आणायचं. आजही एखादं जुनं सरकारी पान उघडलंत तर हा व्यायाम घडतो.

त्यावर उपाय सुचवणारा दुसरा महत्त्वाचा निबंध २०१० च्या मे महिन्यात त्याच मासिकात आला. ईथन मार्कॉटचा ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’. सुरुवातीलाच तो ऑलसॉपला उद्धृत करतो. मग तीन साधनं देतो : टक्केवारीत मोजलेली लवचीक चौकट, तिच्याबरोबर लहानमोठी होणारी चित्रं, आणि पडद्याच्या रुंदीप्रमाणे मांडणी बदलणारे नियम. आज तुम्ही फोनवर जे काही वाचता, त्यातलं जवळपास सगळं या तीन साधनांवर उभं आहे. हा लेखसुद्धा.

पण मला रस आहे तो मार्कॉटने वापरलेल्या उपमेत. ‘रिस्पॉन्सिव्ह’ हा शब्द त्याने वास्तुकलेतून घेतला. तिथे काही लोक अशा खोल्यांचे प्रयोग करत होते, ज्यांच्या भिंती माणसं जवळ आली की वाकतात, गर्दी वाढली की काच धूसर होते. उपमेत भिंत माणसाला पाहून हलते. आणि निबंधाच्या उत्तरार्धात, आणि त्याहून जास्त आमच्या धंद्यात, काय झालं? पान माणसाला पाहून हलेनासं झालं. ते हलतं पडद्याची रुंदी पाहून. फोन, टॅब, लॅपटॉप अशा तीन मापांचे तीन झगे शिवले की काम झालं. क्लायंटला दाखवताना आम्ही ब्राउझरची खिडकी कोपऱ्याला धरून लहानमोठी करतो. तो खूश होतो, बिल निघतं. खिडकीपलीकडे कोण बसलंय, त्याला किती दिसतं, तो उन्हात उभा आहे का, त्याचा एक हात लोकलच्या दांड्याला आहे का, तो ऐकतोय का वाचतोय, हे त्या कोपऱ्यात येत नाही. मार्कॉटला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने दरवाजा उघडून दिला, आम्ही उंबरठ्यावरच चहा प्यायला बसलो.

*

‘वेगवेगळी उपकरणं’ आणि ‘अपंगांसाठी सुगम्यता’ ही दोन वेगळी खाती समजली जातात. पहिलं सगळ्यांसाठी, दुसरं थोड्यांसाठी, आणि तेही बजेट उरलं तर. मलाही असंच वाटायचं. हा गैरसमज दूर झाला तो एका रूक्ष दस्तऐवजामुळे. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेची सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वं, डब्ल्यूसीएजी. पहिली आवृत्ती १९९९ ची, आणि मग २००८, २०१८, २०२३ अशा सुधारित आवृत्त्या. वाचायला अगदी नीरस, इन्कम टॅक्सच्या फॉर्मसारख्या. पण २०१८ च्या आवृत्तीत एक कलम आहे, क्रमांक १.४.१०. ते म्हणतं की उभ्या सरकणाऱ्या पानावरचा मजकूर ३२० पिक्सेल रुंदीतही आडवा न सरकवता वाचता आला पाहिजे.

३२० का? त्याचं साधं गणित आहे. १२८० पिक्सेल रुंदीच्या लॅपटॉपवर एखाद्या मंददृष्टीच्या माणसाने पान चौपट मोठं केलं, तर त्याच्या वाट्याला ३२० पिक्सेलच उरतात. म्हणजे कमी दिसणाऱ्या माणसाचा लॅपटॉप आणि सगळ्यात स्वस्त फोन, दोन्ही एकाच रुंदीचे. जे पान आत्याला वाचता येतं, ते लहान पडद्याच्या जुन्या फोनवर वाचणाऱ्या मुलालाही येतं. जे तिला येत नाही, ते त्यालाही छळतं, फक्त तो तक्रार करत नाही. दोन खाती नाहीतच, एकच आहे. ‘अपंगांसाठी वेगळं काहीतरी’ करायची भाषा मी त्या दिवसापासून सोडली.

तुम्हालाही हा प्रयोग करून बघता येईल. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन अक्षराचा आकार सगळ्यात मोठा करा आणि एक दिवस तसाच फोन वापरा. कुठे बटणावरचा शब्द अर्धा कापला जातो, कुठे वर चिकटलेली पट्टी अर्धं पान खाते, कुठे जाहिरात बंद करायची फुली पडद्याबाहेर जाते. काही पानं तर दोन बोटांनी मोठी करायलाही बंदी घालतात. कोडमध्ये तशी एक ओळ लिहिलेली असते, डिझाइन ‘बिघडू’ नये म्हणून. २०१६ पासून आयफोनचा ब्राउझर ती ओळ जुमानत नाही आणि अँड्रॉइडवर क्रोममध्ये ती झुगारायची सोय सेटिंगमध्ये आहे. ब्राउझर बनवणाऱ्यांनाच वाचकाच्या बाजूने आमच्याविरुद्ध उभं राहावं लागलं, याची आम्हाला लाज वाटायला हवी.

*

मराठी पानाचे काही खास दोष आहेत. ते इंग्रजी नियम वाचून कळत नाहीत.

बहुतेक तयार मांडण्या रोमन लिपीसाठी केलेल्या असतात. आपण त्यांत मराठी ओततो. रोमन अक्षरांना वरखाली फार जागा लागत नाही. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार, ऋकार. ओळींमधलं अंतर रोमनच्या मापाने ठेवलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या अनुस्वाराला टेकतो. कधी चौकटीची उंची ठरावीक असते आणि ‘र्की’मधला रफारच कापला जातो. धड डोळ्यांना हे अंदाजाने वाचता येतं. कमी दिसणाऱ्याला ‘अंत’ की ‘अत’ हे कळायला तो टिंबच लागतो. त्याच आकड्याच्या मापाला देवनागरी रोमनपेक्षा बारीक वाटते, त्यात फॅशन म्हणून बारीक वळणाचा फॉन्ट आणि पांढऱ्यावर करडा रंग. माझ्या सात कवितांत हे तिन्ही दोष होते.

शीर्षकातली अक्षरं विरळ करायची फॅशन रोमनमधून आली. तिथे ती शोभते. देवनागरीत अक्षरांमध्ये अंतर टाकलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे दोरीवर वाळत घातल्यासारखे दिसतात. गंमत म्हणजे वाचकाला अक्षरांतलं अंतर वाढवता आलं पाहिजे असं डब्ल्यूसीएजीचं एक कलमच आहे, आणि ज्या लिप्यांत असं अंतर वापरत नाहीत त्यांना त्यात सूट द्यावी लागली आहे. नियम कोणत्या लिपीकडे बघून सुचले, हे अशा अपवादांतून कळतं. डब्ल्यूसीएजीचं पालन केलंत म्हणून मराठी पान वाचनीय होईलच असं नाही. तो पाया आहे. वरचं घर आपल्यालाच बांधावं लागेल.

छापील सवयीने दोन्ही समास सरळ राखायचा हट्ट हा आणखी एक. फोनच्या अरुंद ओळीत चार-पाच शब्द मावतात. त्यांना ताणून कडेला नेलं की मध्ये भोकं पडतात. डोळा भोकात अडखळतो.

आणि मग दिसत नाही असा एक दोष. प्रत्येक पानाच्या कोडमध्ये त्याची भाषा लिहायची जागा असते. मराठीसाठी तिथे ‘एमआर’ ही दोन अक्षरं लागतात. तयार मांडणी घेतलेली असते, म्हणून पुष्कळदा ‘इंग्रजी’च राहून जातं किंवा कोणीतरी ‘हिंदी’ लिहितं. डोळ्यांना काही फरक पडत नाही. पण वाचून दाखवणारी यंत्रणा कोणता आवाज निवडायचा हे त्या दोन अक्षरांवरून ठरवू शकते. हिंदी आवाजाने मराठी लेख ऐकून बघा. ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांच्यातला ‘च’ सारखाच होतो, ‘जग’ आणि ‘जीव’ यांच्यातला ‘ज’ही. मुंबईत नव्याने आलेल्या माणसाने आपल्याला ज्ञानेश्वरी शिकवावी तसं वाटतं. दोन अक्षरांचं काम आहे. कोणालाही पैसे पडत नाहीत.

याहून मोठा घोटाळा जुन्या फॉन्टचा. युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती. तरी छपाईच्या सोयीसाठी आपण वर्षानुवर्षं असे फॉन्ट वापरले, ज्यांत दिसायला ‘क’ असतो पण आत रोमन अक्षर दडलेलं असतं. कागदावर छापेपर्यंत बिघडत नाही. त्याची पीडीएफ करून ऑनलाइन टाकली की दोन अडचणी एकदम येतात. पान छापील आकाराचं, म्हणून फोनवर पुन्हा डावी-उजवीकडे ढकलायचं. आणि टॉकबॅकने वाचायला घेतलं तर आतली रोमन अक्षरं वाचली जातात. अर्थशून्य खडबड ऐकू येते. शोधलं तर सापडत नाही, उतरवून घेतलं तर उतरत नाही. मराठीतला कितीतरी चांगला मजकूर आज असा आहे : इंटरनेटवर आहे, पण मराठीत नाही.

*

आता कवितेकडे येते, कारण मी कवितांची चित्रं का केली याचं माझ्याकडे एक कारण होतं. ते अगदीच फालतू नव्हतं. कवितेत ओळ कुठे तुटते याला अर्थ असतो. मजकूर म्हणून कविता टाकली की छोट्या फोनवर लांब ओळ मधेच तुटून खाली येते. कवीने न केलेली ओळ तयार होते. चित्रात ओळ अभंग राहते. इन्स्टाग्रामवर हजारो कविता अशाच चौकोनी चित्रांतून फिरतात. तिथे तर कवितेसाठी दुसरं घरच नाही. मग माझं काय चुकलं?

या प्रश्नाचं उत्तर मला वेबमध्ये सापडलं नाही, पोथीत सापडलं. जुन्या हस्तलिखित पोथ्या पाहिल्यात तर तिथे ओवीची ओळ वेगळी लिहिलेली दिसत नाही. पान आडवं, मजकूर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग, बरेचदा शब्दही एकमेकांना जोडलेले. ओवी संपली की दंड आणि आकडा. लिहिणाऱ्याने कागदाच्या मापाने ओळ मोडली, तरी ओवी मोडली नाही. कारण ती ऐकणाऱ्याच्या कानात यमकावर आणि चालीवर उभी होती. जात्यावरच्या ओव्यांना तर कागदच नव्हता. पानावरची ओळ ही कवितेची ओळ, हे समीकरण आपल्याकडे छापखान्याबरोबर घट्ट झालं. छापखान्यालाही ते नेहमी जमलं नाही. लांब ओळ पानात मावली नाही की जुळारी उरलेले शब्द खालच्या ओळीत, थोडे आत सरकवून लावायचा. वाचक समजून घ्यायचा की ही नवी ओळ नव्हे, वरचीच शिल्लक आहे.

हीच युक्ती वेबवर दोन ओळींच्या नियमात करता येते. कवितेची प्रत्येक ओळ स्वतंत्र ठेवायची. मावली तर मावली. अक्षर मोठं केल्यावर नाही मावली तर उरलेला भाग आत सरकून खाली येतो. ओळीचा हिशेब राहतो, अक्षर मोठं होतं, टॉकबॅकला वाचता येतं, शोधात सापडते, आवडलेली ओळ मैत्रिणीला पाठवता येते. मी चित्र केलं तेव्हा ओळ वाचवण्यासाठी बाकी सगळं सोडून दिलं होतं. आणि खरं सांगायचं तर ओळीपेक्षा मला माझा जलरंग वाचवायचा होता.

सगळ्या कविता अशा सुटत नाहीत, हेही मान्य करायला हवं. अरुण कोलटकरांच्या इंग्रजी ‘जेजुरी’त (१९७६) जेजुरी गाव आणि रेल्वे स्टेशन यांच्यामधली एक कविता आहे. तिथे शेतात कोंबड्या नाचताना दिसतात आणि त्या नाचासाठी शब्दच पानावर वरखाली उड्या मारतात. कोलटकर जाहिरातीच्या जगातले कलादिग्दर्शक होते, पान ही त्यांची जागा होती. त्या कवितेची मांडणी काढून घेतली तर कविताच जाते. नुसते शब्द ऐकवले तर यंत्र बिघडलंय असं वाटेल. इथे कोणीतरी शब्दांत सांगावं लागेल की पानावर काय घडतंय. हे सांगणं म्हणजे कोड लिहिणं नव्हे, ते रसग्रहण आहे.

चित्रामागे लिहायच्या वर्णनाला, ज्याला आम्ही ‘ऑल्ट टेक्स्ट’ म्हणतो, मी तेव्हापासून लेखनप्रकार मानते. एक किंवा दोन वाक्यं. दीनानाथ दलालांचं एखादं मुखपृष्ठ लेखात टाकलं आणि मागे लिहिलं ‘मुखपृष्ठ’, तर ते खरं आहे पण निरुपयोगी आहे. ‘स्त्रीचं चित्र’ लिहिलं तर थोडं बरं. ती कुठे बघते आहे, रंग उष्ण आहेत का थंड, आणि या लेखात ते चित्र कशासाठी आलंय हे सांगितलं तर ऐकणाऱ्याला चित्राचं कारण मिळतं. सगळं सांगायला गेलात तर तो कंटाळतो. काय सांगायचं आणि काय गाळायचं हे ठरवायला ज्याने चित्र आणि लेख दोन्ही वाचलेत असा माणूस लागतो. म्हणून हे काम मांडणी करणाऱ्यावर ढकलू नये, संपादकाने करावं. निव्वळ शोभेचं चित्र असेल तर वर्णनाची जागा मुद्दाम रिकामी ठेवावी, म्हणजे यंत्रणा ते गाळून पुढे जाते. गाळणंही संपादनच.

*

कायद्याच्या बाजूने आता बऱ्याच गोष्टी पक्क्या होत आहेत. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून खटल्याचा निकाल दिला. बँकेच्या डिजिटल ओळख-पडताळणीत कॅमेऱ्यासमोर पापण्या मिचकावून दाखवायला सांगतात. ॲसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे गमावलेल्यांना ते करता येत नाही. दृष्टिहीन वकील अमर जैन यांची याचिकाही त्याबरोबरच होती. न्यायालयाने म्हटलं की डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

बँकेवर खटला होतो, कवितेवर होत नाही. कविता ऐकू आली नाही म्हणून कोणी न्यायालयात जाणार नाही, आणि जाऊही नये. म्हणूनच साहित्यिक वेबसाइटवर जबाबदारी जास्त येते. तिथे भाग पाडणारं कोणी नाही. शिवाय जो वाचक येऊ शकला नाही, तो आपल्याला दिसतही नाही. भेटींच्या आकड्यांत आत्या ‘आली आणि गेली’ एवढीच नोंद असणार.

‘आम्ही फुकट काम करतो, आमच्याकडे माणसं नाहीत,’ असं छोटे अंक काढणारे म्हणतात. मीही म्हणायचे. पण हिशेब करून पाहिला तेव्हा लक्षात आलं की यातलं बरंचसं काम म्हणजे जे केलंय ते काढून टाकणं आहे. जलरंग काढायचा. करडा रंग काळा करायचा. उंचीचा आकडा काढायचा. मोठं करायला घातलेली बंदी काढायची. साधं पान आधीपासूनच लवचीक असतं. त्याला ताठ करायला आम्ही मेहनत घेतो, आणि तिचं बिल वाचकाला लावतो.

अंक बंद झाल्यावरही त्याचं पान चालू होतं. गेल्या वर्षी दोन संध्याकाळी बसून मी सातही कविता पुन्हा टाइप केल्या, ओळी आत सरकवल्या, भाषेच्या जागी ‘एमआर’ लिहिलं, आणि आत्याला लिंक पाठवली. काही सांगितलं नाही. दोन दिवसांनी तिचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, “ती चौथी कविता कोणी निवडली गं? नुसती शब्दांची आरास आहे. मी अर्ध्यातच सोडली.”

ती चौथी कविता मी निवडली होती. चार वर्षांपूर्वी फोनवर वाचून दाखवली तेव्हा तिने तिलाही ‘छान’ म्हटलं होतं.